पाय आत की बाहेर

आमच्या फुलचूरचे कटरेकाका गळ्यात शिट्टी घातल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत. भाजी आणायलासुद्धा नाही. रांगेत कुणी मध्येच घुसला की फुर्रर्र! "मांगं हो बे, रेषा दिसत नाही का?" भाचीच्या लग्नात तर त्यांनी शिट्टी मारून साक्षात व्याह्यांनाच पंगतीतून उठवलं, कारण ते दुसऱ्यांदा जेवायला बसले होते.

काका कबड्डीचे पंच. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा भरते आणि सामने होतात, तिथं त्यांचा शब्द शेवटचा. मागच्या वर्षी एका राइस मिलवाल्या शेठजींना आधुनिक व्हायची हुक्की आली. त्यांनी आमच्या मंडळाला मॅट दिली, कॅमेरे दिले, वर भलामोठा पडदा. मातीत वाढलेली आमची पोरं मॅटवर धपाधप घसरू लागली आणि बूटवाले शहरी संघ जिंकू लागले.

"खेळ संपला," काकांनी जाहीर केलं. "पहिले हात लागला का पोरगा सोताच हात वर करून बाहेर जाये. आता पडद्याकडे पाहून राहिला. दिसलं तं बाद, नाही तं साव!"

अंतिम सामन्यात काकांनी तिरोड्याच्या चढाईवाल्याला बाद दिलं. पाय रेषेबाहेर. त्याच्या संघानं रिव्ह्यू मागितला आणि पडद्यावर अख्ख्या गावानं पाहिलं, पाय आतच होता. मैदान खदाखदा हसलं. काकांनी मुकाट्यानं निर्णय फिरवला.

पुढं उन्हाळ्यात काकू गेल्या. तेव्हापासून काका रोज माझ्याकडे येऊ लागले. मी मंडळाचा सचिव, त्यामुळं चित्रणाचा लॅपटॉप माझ्या घरी. "लाव तो रिव्ह्यू. मी बरोबर होतो." चहा गार व्हायचा, पण यांचं "अजून मांगं घे" काही संपायचं नाही. बायको म्हणायची, म्हाताऱ्याच्या डोक्यात पाय शिरलाय.

यंदा नव्या सामन्यांसाठी लॅपटॉपमध्ये जागा उरली नाही, म्हणून मंडळानं जुनं चित्रण पुसायचं ठरवलं. मी काकांना सांगितलं, तर माझ्याच घरात शिट्टी! "काऊन पुसून राहिला बे?"

"काका, तुमचंच बरोबर होतं. मंडळ तसं माईकवरून सांगेल. मग तर झालं?"

"मले बरोबर नाही पाहिजे."

त्यांनी लॅपटॉपच्या पडद्यावर बोट ठेवलं. पायावर नाही, पार कडेला, बायका बसल्या होत्या तिथं. सगळ्या हसत होत्या आणि एकट्या काकू उभ्या राहून, पदर खोचून, हसणाऱ्यांना झापत होत्या. इतक्यांदा पाहूनही मला त्या दिसल्या नव्हत्या.

"फोटोत सदा गप उभी राहे जी ते," काका म्हणाले. "इथंच तेवढी भांडून राहिली. माह्यासाठी."

मी लॅपटॉप तसाच त्यांच्याकडे सरकवला. पडद्यावरून नजर न काढता ते हळूच म्हणाले,

"पाय आतच होता बाबू. तिलेबी दिसला होता."