वर्गणी थकली आणि अ‍ॅप घरी आलं

वार्षिक वर्गणी थकली की फोनमधल्या दुकानाचे लोक अ‍ॅप ज्याचं त्याच्या घरी पोचवतात, त्याप्रमाणे आमचं अ‍ॅप मंगळवारी सकाळी पिशवी घेऊन दारात उभं राहिलं. सोबतच्या माणसाने पोच मागितली. मी सही केली.

पाणीखात्यातून निवृत्त झाल्यावर मी ते बनवलं होतं. कोणत्या आळीत नळाला पाणी किती वाजता येणार, एवढंच ते सांगतं. वापरणारी माणसं एकतीस, त्यातले दोघे आम्हीच. सगळं फुकट. आणि दुकानात नुसतं उभं राहायचे वर्षाला नऊ हजार! चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. मी वर्गणी भरली नव्हती ती काही विसरून नव्हे.

माझ्या बायकोने, कुमुदिनीने, त्याला मुलाची खोली दिली. मुलगा परदेशी गेल्यापासून ती बंदच होती. लोक घरी येऊन अ‍ॅपला वेळ विचारत, चहा घेत, बसत. घर भरलं, आणि खरं सांगतो, मला ते फार आवडलं.

आठ दिवसांनी दुकानाचे सबनीस चौकशीला आले. "वर्गणी भरत असाल तर नेतो. नाहीतर कायमचं इथंच."

"फाटकापर्यंत तरी जाऊ शकेल का?" कुमुदिनीने विचारलं.

"उंबऱ्याबाहेर नाही, वहिनी. नियम आहे."

"राहू दे की मग," मी म्हणालो. "आम्हांला कुठं जड झालंय?"

कुमुदिनी उठून आत गेली. वरच्या आळीतल्या गोदूमावशींना जिना उतरवत नाही. त्या आठवड्यात त्यांचं पाणी दोनदा चुकलं होतं. जाऊन सांगावं, हे कुणालाच सुचलं नाही. आम्ही सगळे इथं चहा पीत होतो.

तिने पाटल्यांसाठी साठवलेले पैसे आणून सबनीसांपुढे ठेवले.

"अगं, परवडत नाही हे," मी म्हणालो.

"परवडायला तो काय धंदा आहे?"

सबनीसांनी पावती फाडली. कुमुदिनीने अ‍ॅपच्या हातावर दही घातलं, पिशवीत लाडू दिले. मी फाटकापर्यंत गेलो.

दुसऱ्या दिवशी गोदूमावशींचा फोन आला. "कुमुद, हंडे भरले गं! सहा चाळीसला आलं होतं तुझं लेकरू."

"बरं आहे ना ते?"

"बरंय. जरा बारीक झालंय."

कुमुदिनीने डोळे पुसले. "पुढच्या वर्षीची वर्गणी आत्ताच बाजूला काढा," ती मला म्हणाली.

मी काढली.