तापाचा उखाणा

निंबगव्हाणात चुंबनाचा ताप गोळ्यांनी उतरत नाही. ज्याच्या ओठांवाटे तो आला त्याचं नाव चारचौघांत उखाण्यात घेतलं की उतरतो, आणि त्याच क्षणी देणाऱ्याला चढतो.

परदेशात वैद्यकी शिकताना हा आजार आम्हाला नीट शिकवला होता. तो थुंकीतून जातो, बहुधा प्रेमातल्या माणसांकडून एकमेकांना. देणाऱ्याला पुष्कळदा काहीच झालेलं नसतं. घसा सुजतो, मानेत गाठी येतात, प्लीहा वाढते. उपचार म्हणजे विश्रांती. उखाण्याचं तेवढं राहून गेलं होतं. अशा राहून गेलेल्या गोष्टींसाठीच तर मी परत आले. आल्या आल्या आरोग्य केंद्रात पडदा लावून घेतला. रुग्णाला खाजगीत नाव घेता आलं पाहिजे, हा माझा आग्रह होता.

बालवाडीत शिकवणारी हेमांगी आत्याच्या खांद्यावर मान टाकून आली. अंग भाजत होतं.

"पडद्यामागे घे नाव," मी म्हणाले. "तो तुझा हक्क आहे."

"अहो डॉक्टरबाई," आत्या म्हणाली, "ऐकायला कुणी नसलं तर तो उखाणा कसला? ते पुटपुटणं झालं."

आत्याचं बरोबर होतं. मी पडदा सरकवला. सिस्टर, आत्या, मी आणि मलमपट्टीला आलेले धोंडूआजोबा, असे चारजण बसलो. हेमांगीने ओठ घट्ट मिटले.

"आता कसली लाज?" आत्या म्हणाली. "हनुमंताचं नाव गावातली शेळीसुद्धा सांगेल."

"लाज नाही गं. आज त्याची पोलीस भरती आहे, धावायचंय. मी नाव घेतलं तर तो अर्ध्यातच पडेल. वय संपलं त्याचं, पुन्हा बसता येणार नाही."

मी तिचं पोट तपासलं. प्लीहा बरगडीखाली हाताला लागत होती. "तुझं शरीर तुझं आहे, हेमांगी. पोलीस खात्याचं नाही!"

"म्हणूनच थांबतेय, मॅडम."

आम्ही थांबलो. आत्या कपाळावरच्या पट्ट्या बदलत राहिली. आजोबांनी वेळ जावा म्हणून दोन-तीन यमकं सुचवली, ती जुनी निघाली.

दुपारी फोन वाजला. सिस्टरने तो स्पीकरवर टाकला.

"आलं नाव यादीत!" हनुमंत धापा टाकत ओरडला. "आता घे बिनधास्त. मी खाली बसलोय."

हेमांगी भिंतीला टेकून उठून बसली.

"पितळेच्या ताम्हनात ओल्या दुर्वांची जुडी,
हनुमंतरावांचं नाव घेते, उतरू दे ही हुडहुडी."

तिच्या कपाळावर घाम आला. ताप उतरला. फोनवर कुणीतरी म्हणालं, "अरे, पांघरूण आणा, हा कापायला लागला."

"जमलं," आजोबा म्हणाले.

"हनुमंत," मी म्हणाले, "तुलाही तो कुणाकडून तरी आला असणार. ज्याच्याकडून आला त्याचं नाव घे. तिथे माणसं आहेत ना?"

"अख्खी तुकडी आहे, मॅडम." त्याने घसा खाकरला.

"मैदान सारं धावलो, घशाला पडली कोरड,
हेमांगीचं नाव घेतो, करा कितीही ओरड."

तिकडे शिट्ट्या वाजल्या. आत्याने डोळ्यांना पदर लावला. मी तापमापी पुन्हा हेमांगीच्या काखेत ठेवली. तिला ताप चढला नव्हता.

"उतरला का रे?" मी विचारलं.

"नाही हो," दुसराच आवाज आला. "तवा झालाय नुसता."

हेमांगी पेलाभर पाणी सावकाश प्यायली. घसा आता दुखत नव्हता. मग तिने फोन जवळ ओढला.

"यमक छान होतं, हनुमंत," ती म्हणाली. "आता जिच्याकडून आला तिचं घे."

तिकडच्या शिट्ट्या थांबल्या. आजोबांना ऐकू कमी येतं, म्हणून मी त्यांची खुर्ची पुढे सरकवून दिली.