ताणावरची मोसंबी

आज मी नातवंडांना अक्कल शिकवते, पण माझ्या हातून घडलेला सर्वांत मोठा मूर्खपणा म्हणजे मी एका झाडाला पाणी घातलं. हसू नका. झाड शेळकेभाऊजींचं होतं.

भाऊजी आमच्या यजमानांचे ऑफिसातले मित्र. मूळ जालन्याकडचे, इकडे आखातात, अल नहदात आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहत. कुणाकडेही गेले की आधी बाथरूममध्ये शिरून नळ घट्ट पिळायचे, मग नमस्कार. एसीचं ठिबकणारं पाणी धरायला मजल्यावरच्या प्रत्येक बाल्कनीत त्यांची बादली. २००८च्या मंदीत बिल्डिंग निम्मी रिकामी झाली. लोक नोकऱ्यांसाठी रडत होते आणि भाऊजी म्हणत होते, "एसी बंद पडले हो, वहिनी! यंदा आवक नाही."

हे सगळं पाणी त्यांच्या बाल्कनीत ड्रममध्ये लावलेल्या एका मोसंबीला. गावी त्यांची बायको सुमन मोसंबीची बाग सांभाळायची. तिथलंच कलम टॉवेलात गुंडाळून विमानातून आणलेलं. रोज फोनवर "विहिरीला किती आलं?" हाच त्या दोघांचा प्रेमालाप.

काही वर्षांनी तिकडे दुष्काळ पडला, विहीर आटली. टँकर लावून बाग वाचवू म्हणून भाऊजी रजा टाकून निघाले. किल्ली माझ्याकडे.

"वहिनी, झाड ताणावर आहे. पानं सुकली तरी पाणी घालायचं नाही. आल्यावर मी देईन, मग बघा कसं फुलतं."

मी पडले पुण्याची. शेतीचा अनुभव तुळशीपर्यंत. पानं वळायला लागली तशी यजमानांना म्हटलं, "काय कंजूष माणूस! झाडालासुद्धा एकादशी!" आणि ओतल्या बादल्या. एसीचं नव्हे, चांगलं नळाचं पाणी! झाड तरारलं. मी स्वतःला वनदेवी समजायला लागले.

भाऊजी परतले ते करपूनच.

"बाग?" यजमानांनी विचारलं.

"खलास. टँकर पुरेना. तोडली. सुमननंच पहिली कुऱ्हाड घातली."

त्यांना जरा बरं वाटावं म्हणून मी मिरवत बाल्कनीत नेलं.

"पाणी घातलंत?"

"भरपूर!"

"ताण मोडला, वहिनी. आता यंदा फूल नाही."

तहानेनं कासावीस झाल्याशिवाय मोसंबी फुलत नाही, हे मला तेव्हा कळलं. आणि त्या बागेतलं आता हे एकच झाड उरलंय, हेही. पन्नाशीची घोडी मी, ओठ काढून रडायला लागले.

भाऊजींनी एक पान बोटांत धरलं ते सोडलंच नाही.

"रडू नका, वहिनी," ते म्हणाले. "फूल पुढच्या वर्षी बघू. महिनाभर तिकडे होतो, हिरवं म्हणून एवढंच बघतोय."