वजीर अंगावर आला तर

नवीन माणूस भेटला की लोक नाव-गाव विचारतात. आमच्या खालच्या मजल्यावरचे पगारेसर विचारतात, "तिसऱ्याच चालीला वजीर अंगावर आला, तर काय कराल?"

आम्ही नाशिक रोडला राहायला आलो त्या दिवशी टेम्पो खाली उभा आणि माझ्या हातात मिक्सर. मी म्हणालो, "पळेन." सरांचा चेहरा पडला. "म्हणजे चौथ्या चालीला मात!" म्हणत त्यांनी मला मिक्सरसकट घरात नेऊन पटासमोर बसवलं.

सर भूगोलाचे निवृत्त शिक्षक, एकटेच राहतात. बुद्धिबळात ते जिंकल्याचं कुणी पाहिलेलं नाही, पण झटपट हरणं त्यांना मंजूर नाही. "हरा, पण जेवणवेळेपर्यंत टिकून हरा!" समोरच्याचा उंट आणि वजीर मिळून राजाशेजारच्या एका प्याद्यावर डोळा ठेवतात, ते पडलं की खेळ खलास. उपाय साधा. घोड्यासमोरचं प्यादं एक घर सरकवायचं, वजिराची वाट बंद. हे सरांनी इस्त्रीवाल्याला शिकवलंय, मीटर बघायला येणाऱ्या बाईंना शिकवलंय. एकदा फोनवर कुणी भामटा "खातं आजच बंद होईल" म्हणून ओटीपी मागू लागला. सर शांतपणे म्हणाले, "तुमचा वजीर फार लवकर बाहेर आलाय," आणि पाऊण तास त्याची शिकवणी घेतली. शेवटी फोन त्यानेच ठेवला.

वडील गेल्यावर मी आईला सिन्नरहून घेऊन आलो. ती नुसती खिडकीशी बसून राही. विचारलं तेवढंच बोले, स्वयंपाकघरात पाऊल टाकत नसे. सरांना कळलं तसे ते पट बगलेत मारून वर आले.

"ताई, वजीर अंगावर आला तर काय कराल?"

"मला नाय येत काही."

"मग तर फारच छान!"

रोज चार वाजता सर हजर. हल्ला स्वतः करत आणि बचाव तिच्याकडून करून घेत. आई मुकाट्याने प्यादं सरकवी. पंधरा दिवस हेच. मग एका दुपारी तीच म्हणाली, "आज पांढरं मला द्या."

तिनं उंट काढला. वजीर काढला. सरांचं बोट घोड्यासमोरच्या प्याद्यापर्यंत गेलं, वरच थबकलं, आणि त्यांनी पार दुसऱ्या टोकाचं प्यादं सरकवलं. मी ओरडणारच होतो. आईनं वजीर उचलून प्यादं मारलं.

"सर, ही मात हाय ना?"

सरांनी वाकून पट बराच वेळ न्याहाळला. "आहे की! लक्षच नव्हतं माझं."

आई हसली. डोळ्यांना पदर लावावा लागला इतकी हसली. मग उठून, "चहा ठेवते," म्हणत आत गेली.

मी हळूच म्हणालो, "सर, मुद्दाम केलंत."

"हळू बोला," सर पुटपुटले.

आतून आईचा आवाज आला, "सर, साखर किती घालू?"

सर म्हणाले, "दीड चमचा, ताई," आणि माझ्याकडे न बघता सोंगट्या मांडत राहिले.