हिरव्या वैद्यांची शेवटची ओळ

सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी सोमवारपासून तशीच भरलेली आहे, हे जावयाच्या लक्षात आलं तेव्हा गुरुवार उजाडला होता. सासरे ओट्यापाशी उभे राहून कोथिंबिरीची अख्खी जुडी मिक्सरमध्ये कोंबत होते.

"बाबा, गोळ्या?"

"बंद केल्या." सासऱ्यांनी साप्ताहिकाचा अंक पुढे सरकवला. "वाचा. हिरवे वैद्य लिहितात, कोथिंबिरीनं पचन सुधारतं, रक्तदाब ताब्यात येतो, डोकं थाऱ्यावर राहतं. गोळीचं नावसुद्धा नाही."

जावयानं अंक उघडलाही नाही. कारण हिरवे वैद्य म्हणजे तो स्वतःच होता. त्या साप्ताहिकात तो मुद्रितं तपासायचा. मूळचे वैद्य दोन वर्षांपूर्वी लेकाकडे राहायला गेले, पण वाचकांना सदर हवं होतं. "तपासतोसच ना, मग लिहूनही टाक," संपादक म्हणाले. तेव्हापासून पुदिन्याचे गुण बडीशेपेला आणि बडीशेपेचे कोथिंबिरीला चिकटवून सदर चाललं होतं. 'औषधं बंद करू नयेत' ही शेवटची ओळ दर वेळी असायची. या खेपेला ती पानात मावेना, म्हणून त्यानंच छाटली. छाटल्यावर थोडी जागा उरली, तिथं 'डोकं थाऱ्यावर राहतं' एवढं घुसडलं.

घरात सगळ्यांना तो मुद्रितं तपासतो एवढंच ठाऊक होतं. सासरे चाळीस वर्षं ग्रंथपाल होते. छापलेल्या अक्षरावर त्यांचा जेवढा विश्वास, तेवढाच जावयाच्या बोलण्यावर अविश्वास.

शनिवारच्या अंकात जावयानं ठळक टायपात घातलं, 'कोथिंबीर खुशाल खा, पण डॉक्टरांच्या गोळ्या सोडू नका.' सासऱ्यांनी ते दोनदा वाचलं.

"हे वैद्यांचं नव्हे. त्यांची भाषा मी ओळखतो. कोणीतरी मध्ये हात घातलाय."

"कोणी?"

"तपासणाऱ्यानं. नाव घेत नाही मी."

रविवारी सासऱ्यांच्या मुलीनं त्यांच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला आणि आकडा बघून ती रडकुंडीला आली. मग जावयानं लाज गुंडाळून ठेवली. "बाबा, हिरवे वैद्य मीच आहे. मला वैद्यकीतलं ओ की ठो कळत नाही. गोळी घ्या."

सासऱ्यांनी त्याला नीट न्याहाळलं आणि मुलीला हळूच विचारलं, "यांना झोप लागते ना गं?"

त्यानं स्वतःच्या हातचे कच्चे खर्डे आणून समोर ठेवले.

"उतरवून घेतलेत," सासरे म्हणाले. "अक्षर तुमचं, अक्कल त्यांची."

सोमवारी कार्यालयाच्या पत्रपेटीत ओळखीच्या अक्षरातलं पाकीट निघालं. 'आदरणीय वैद्यराज, माझे जावई अलीकडे स्वतःला आपणच समजू लागले आहेत. माझ्या गोळ्यांचाही त्यांनी ध्यास घेतला आहे. माणूस फार चांगला आहे हो, म्हणून काळजी वाटते. काय करावे?'

जावयानं ते चार वेळा वाचलं. अकरा वर्षांत सासऱ्यांनी त्याला चांगलं म्हटल्याचं त्याला आठवत नव्हतं, आणि म्हटलं ते भलत्याच माणसाजवळ. तो भलता माणूसही आपणच, हे ध्यानात आल्यावर हसावं की रडावं ते त्याला कळेना. त्याचे डोळे मात्र भरून आले.

त्यानं साप्ताहिकाच्या छापील कागदावर उत्तर टंकलं. 'अशा रुग्णाशी वाद घालू नये. रोज सकाळी त्याच्या डोळ्यांदेखत आपली गोळी घ्यावी. त्याला लगेच आराम पडेल. यात एक दिवसही खंड नको. आपला, हिरवे वैद्य.' शिपायानं ते त्याच संध्याकाळी घरी पोचवलं.

मंगळवारी सकाळी सासऱ्यांनी त्याला समोर बसवून गोळी गिळली आणि तोंड उघडून दाखवलं.

"बघितलंत? आता बरं वाटतंय?"

"खूप बरं वाटतंय, बाबा."

"छान." सासऱ्यांनी हिरव्यागार रसाचा पेला त्याच्यापुढे ठेवला. "आता हे घ्या."

"हे वैद्यांनी लिहिलंय पत्रात?"

"पत्रात नाही, अंकात. डोकं थाऱ्यावर राहतं. विसरलात? तुम्हीच लिहिलंत ना?" सासरे मुलीकडे बघून मायेनं हसले.

जावयानं नाक दाबून पेला रिकामा केला.

"उद्यापासून दोन जुड्या आण गं," सासरे मुलीला म्हणाले. "यांना एकीनं काही होणार नाही."