बाजूवाले सर

पाटील सर कोणाच्याही समोर बसत नसत. हॉटेलात तुम्ही चहा मागवून बसला असाल आणि ते आले, तर टेबलापलीकडचं अख्खं बाकडं रिकामं असूनही ते तुमच्याच बाकड्याशी येऊन उभे राहत. "जरा सरका," म्हणत, आणि तुम्ही सरकेपर्यंत हलत नसत. मग दोघांनी खांद्याला खांदा लावून, हॉटेलवाल्याच्या भट्टीकडे बघत चहा प्यायचा. बोलणंही भट्टीकडे बघतच.

मी शहाद्याच्या एका हायस्कुलात कारकून होतो. शाळेत कारकुनाला भाऊसाहेब म्हणतात. नावात मान आहे तेवढाच, बाकी सगळी हमाली. आमच्याकडे पाच पाटील मास्तर. मस्टरवर आद्याक्षरांनी वेगळे करायचे आणि तोंडाने गावावरून. हे कळसाडीचे पाटील. पोरं त्यांना 'बाजूवाले सर' म्हणत, आणि काही दिवसांनी आम्हीही म्हणू लागलो.

हेडमास्तरांनी बोलावलं तरी सरांची तीच तऱ्हा. टेबलासमोरची खुर्ची उचलायची, वळसा घालून पलीकडे न्यायची आणि हेडमास्तरांच्या शेजारी मांडायची. एकदा तपासणीला डेप्युटीसाहेब आले. दारातून बघतात तो टेबलामागे दोन माणसं. एक बारीक, चष्मेवाला, घाबरलेला. दुसरा धिप्पाड, मिशीवाला, निवांत. साहेबांनी निवांत माणसाला नमस्कार केला आणि म्हणाले, "हेडमास्तर, शाळा छान ठेवली आहे." सरांनी शेजारी बोट दाखवून सांगितलं, "यांनी ठेवली आहे." त्यानंतर आठ दिवस हेडमास्तर माझ्यावर चिडत होते. वास्तविक माझा काय संबंध!

याचं कारण विचारलं की सर बैलगाडी सांगायचे. "गाडीवर दोघं बसतात ना भाऊसाहेब, दोघांचं लक्ष बैलांकडे. कोणी कोणाचं तोंड बघत नाही. तिथं मनातलं बाहेर निघतं. समोर बसलं की माणूस कोर्टात उभा राहिल्यासारखा बोलतो." एवढं सांगून झालं की ते गप्प बसत आणि थोड्या वेळाने एकच शब्द टाकत: "मंग?" त्यांचं सगळं भांडवल हा एक शब्द. पण त्या 'मंग?'ला किती माणसांनी काय काय सांगितलं असेल, ते तापीमाईलाच ठाऊक.

त्यापायी त्यांनी घरचं एक लग्न मोडलं. पुतण्यासाठी मुलगी बघायला नदीकाठच्या एका गावी गेले होते. वरपक्षाची मंडळी ओळीने खाटांवर, मुलगी समोर पाटावर. नाव काय, शिकली किती, भाकरी थापता येते का, असं चाललेलं. आमचे सर खाटेवरून उठले आणि थेट मुलीच्या पाटाशेजारी जमिनीवर मांडी घालून बसले. खाटांवरच्या स्वतःच्याच भाऊबंदांकडे बोट करून तिला म्हणाले, "घाबरू नको बेटा. समोर बैल बसलेत असं समज." मग जरा थांबून, "मंग?"

मुलगी म्हणाली, "मले शिकनं शे, मास्तर."

झालं! मुलीला शिकायचं आहे म्हटल्यावर पाहुणे न जेवताच परतले. भाऊबंदांनी वर्षभर सरांशी बोलणं टाकलं. सर मात्र खुशीत. "पोरगी बोलनी ना," म्हणाले, "बस झालं."

आणखी एक गोष्ट होती. वर्षभर रजा न घेणारा हा माणूस मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशी मात्र हटकून रजा टाके. किरकोळ रजा, कारण 'खासगी काम'. ते खासगी काम काय, तर एस.टी. स्टँडवर जाऊन बसणं. निकालाचा पेपर दुपारच्या गाडीने येई. हे सकाळपासून तिथल्या सिमेंटच्या बाकावर, शेवटची गाडी येईपर्यंत. माझं मत असं, की नापास पोरांच्या बापांना तोंड द्यायला नको म्हणून हा पळ काढतो. तसं मी स्टाफरूममध्ये बोललोही होतो, चारचौघांत, हसत. दर वर्षी एखादं नापास पोरगं घर सोडून पळायला स्टँडवर यायचं आणि संध्याकाळी सरांबरोबर मुकाट घरी परत जायचं, हेही मला माहीत होतं. त्याचं श्रेय मी स्टँडवरच्या भज्यांना देत होतो.

अशात एकदा पेपरात जाहिरात आली. मुंबईच्या एका संस्थेत पदवीधर शिक्षकांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम, मुलांना मार्गदर्शन कसं करावं, त्यांचं ऐकून कसं घ्यावं, याचा. सरांनी ते कात्रण पाकिटात घातलं आणि गावभर दाखवलं. गावाला काही पटेना. आमचे किराणावाले शेठ मारवाडी. त्यांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, "मास्टरजी, इसका भी कॉलेज निकला? सलाह तो हम सौदे के साथ मुफ्त देते हैं!"

"सल्ला देण्याचं नाही शेठ," सर म्हणाले, "न देण्याचं."

शेठनी माझ्याकडे बघितलं. मी वर बघितलं.

अर्ज टाईप करायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात आलं. तीन प्रती, कार्बन लावून, हेडमास्तरांच्या सहीने, रीतसर. पहिल्या वर्षी मुलाखतीचं बोलावणं आलं. सर नवा कोट शिवून मुंबईला गेले आणि तिथून आले ते हसतच. टेबलामागे तीन तज्ज्ञ बसलेले, मधे एक बाई. समोर एक खुर्ची. आता पुढे काय झालं असेल ते तुम्हाला कळलंच. ह्या पठ्ठ्याने खुर्ची उचलली, वळसा घातला आणि बाईंच्या शेजारी मांडली. शिपाई धावत आला. सर त्याला म्हणाले, "तूही बस." बाई भल्या असाव्यात, त्यांनी चालवून घेतलं. शेजारी बसलेल्या उमेदवाराला त्यांनी एकच प्रश्न विचारला: हा अभ्यासक्रम तुम्हाला का करायचा आहे?

"मग काय सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं, मला मुलांची आवड आहे."

पंधरा दिवसांनी पत्र आलं. उमेदवाराचा हेतू स्पष्ट नाही, सबब प्रवेश देता येत नाही.

दुसऱ्या वर्षी वयाची अट आडवी आली. चाळीसच्या आत असलेल्यांनीच अर्ज करायचा, आणि सर येत्या दिवाळीला चाळीस पूर्ण करणार. म्हणजे हा शेवटचा अर्ज. यंदा नाही झालं तर कायमचं नाही. एरवी निवांत असणारा तो माणूस त्या महिन्यात दोनदा भलत्याच वर्गात शिरला. बाईंनी विचारलेला प्रश्न आता फॉर्मवरच छापून आला होता, रकाना चौदा. सरांनी त्याची उत्तरं माझ्याकडून अकरा वेळा टाईप करून घेतली. एकात राष्ट्राची उभारणी होती, एकात उपनिषदं, एकात पुरुषोत्तमनगरला निघू घातलेल्या साखर कारखान्यात पोरांना कोणती कामं मिळतील त्याची चर्चा. प्रत्येक वेळी वाचून ते म्हणत, "खोटं नाही हे. पण खरंही नाही." शेवटच्या दिवशी माझा पारा चढला. मी म्हटलं, "सर, रिबन संपली आणि मीही संपलो."

"रकाना कोरा ठेवा," ते म्हणाले. "मी हाताने भरतो." भरला, पाकीट बंद केलं आणि स्वतः पोस्टात नेऊन रजिस्टर केलं.

संस्थेचं उत्तर आलं ते नेमकं मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशी. शाळेच्या पत्त्यावर आलेलं, म्हणून मी फोडलं. आत फॉर्म परत पाठवलेला. सोबत दोन ओळी: रकाना चौदा इंग्रजीत आणि सविस्तर भरून दहा दिवसांत परत पाठवावा, अन्यथा अर्ज रद्द समजावा. मी रकाना बघितला. सगळा अर्ज माझ्या सुबक इंग्रजीत, आणि त्या रकान्यात सरांच्या हाताने चक्क अहिराणी! तीही एकच ओळ: 'बाजूले कसं बठतस ते शिकनं शे.' शेजारी कसं बसतात ते शिकायचं आहे.

माझं डोकं फिरलं. मुंबईच्या साहेबांना अहिराणी? आणि शेजारी बसायला शिकायचं? जन्मभर दुसरं केलं काय या माणसाने? मी फॉर्म, कागद, पेन्सिल घेतली आणि तरातरा स्टँडवर गेलो. चांगलं झापायचं ठरवून गेलो होतो.

सर त्यांच्या बाकावर होते. मला बघून सरकले. उभ्याने झापता येईना, म्हणून बसलो. त्यांच्या शेजारी मी आपण होऊन बसण्याची ती पहिलीच वेळ. फॉर्म त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, "दहा दिवस आहेत. खरं कारण सांगा, मी इंग्रजीत करतो. सांगा."

सरांनी फॉर्मवरून नुसता हात फिरवला. दुपारची गाडी आली होती, पेपरवाल्याभोवती पोरांची झुंबड उडाली होती. मी पेन्सिल धरून बसलो. बराच वेळ गेला. मग माझ्याच तोंडून निघून गेलं, "मंग?"

सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. समोर बघत म्हणाले, "मन्हा धाकला भाऊ नथू. म्याट्रिकले नापास व्हयना." शाळेत कायम पुस्तकी मराठी बोलणारा माणूस माझ्याशी घरच्या भाषेत बोलत होता. "बाप नही आमले. मीच बाप. त्याले समोर बसाडं. मी खाटवर, तो जमीनवर. म्हटलं, आते कोनले तोंड दखाडशी?"

"मग?"

"कोनलेच नही दखाडं. तसाच उठना, आठे स्टँडवर उना, सुरतनी गाडीमा बसना, चालना गया. बारा वरीस व्हयनात." नापास भावाला समोर बसवून 'आता तोंड कोणाला दाखवशील' विचारलं, आणि तो निकालाच्याच दिवशी इथून सुरतेच्या गाडीत बसून गेला तो बारा वर्षं परतला नव्हता.

तेवढ्यात सुरतेची गाडी आत शिरली. एकेक जण उतरत होता आणि सर एकेकाकडे बघत होते, शेवटची म्हातारी गाठोडं घेऊन उतरेपर्यंत. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की ते बाक जाणाऱ्या गाड्यांच्या बाजूला नव्हतंच. येणाऱ्या गाड्यांच्या समोर होतं. पळणारी पोरं त्यांना दिसत ती येता-जाता. वाट ते वेगळ्याच माणसाची बघत होते.

"ओळखू येईल का इतक्या वर्षांनी?" मी विचारलं.

"डावी भुवई," सर म्हणाले. "ल्हानपणी विटी लागनी व्हती. तठे केस नहीत."

स्टाफरूममध्ये मी त्या रजेवर केलेले विनोद मला एकामागून एक आठवले. लाज वाटली. इतकी की सांगता येत नाही. संध्याकाळी शाळा उघडून मी रकाना चौदा टाईप केला. सहा ओळी झाल्या. खाडाखोड एकही नाही. सरांनी वाचला, सही केली, म्हणाले, "हां. हे खरं शे."

प्रवेश मिळाला. जुलैत सर निघाले. त्यांना सोडायला स्टँडवर निम्मी शाळा आलेली, शेठनी पेढ्यांचा पुडा दिलेला, सोबत फुकटचा सल्लाही. गाडी सुटायच्या आधी सरांनी मला खिडकीपाशी बोलावलं. "भाऊसाहेब, पुढच्या निकालाला माझी तिकडे परीक्षा असेल." एवढंच म्हणाले.

"मला तेवढेच धंदे आहेत का!" मी म्हटलं.

पुढच्या जूनमध्ये मी अर्ज केला. किरकोळ रजा एक दिवस, कारण 'खासगी काम'. हेडमास्तरांनी चष्म्यावरून बघितलं, पण सही केली. सकाळी आठला मी त्या बाकावर होतो. दुपारी पेपर आला, आणि थोड्या वेळाने पत्र्याची पेटी घेतलेलं एक पोरगं बाकासमोर येऊन घुटमळायला लागलं. आमच्याच शाळेतलं. डोळे लाल. मला बघून ते मागे सरलं.

"समोर उभा राहू नकोस, बाजूला बस," मी खेकसलो. मला काही सरांसारखं जमत नाही. ते भीत भीत बसलं, पेटी पायाशी ठेवून. फाटकातून सुरतेची गाडी वळत होती.

"हे बघ," मी म्हटलं, "घरी नंतर जाऊ. आधी ह्या गाडीतून जे उतरतील ना, त्यांच्या डाव्या भुवया बघ. मी एकटा किती बघणार?"