मागच्या डाव्या चाकाचा अर्ज

जयसिंगपूरच्या आण्णा मगदुमांच्या जीपच्या मागच्या डाव्या चाकाने सोमवारी सकाळी वेगळं राहण्यासाठी अर्ज दिला. अर्ज दोन प्रतींत होता. गाडी सोडून जायचं नाही, फक्त पंचवीस मिलिमीटर बाहेर सरकून राहायचं आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. साक्षीदार म्हणून मागच्या उजव्या चाकाची सही होती आणि स्टेपनीचा अंगठा. पुढच्या दोघांनी आपण यात पडत नाही म्हणून कळवलं होतं.

"सव्वीस वर्षं एका जागी फिरलं, आणि आता जागा पुरंना व्हय?" आण्णा म्हणाले.

मनातून मात्र त्यांना बरंच वाटलं. मुलगा सुकुमार आणि सून पद्मजा रविवारी भाड्याच्या घरात राहायला जाणार होते, आणि सामान याच जीपमधून जायचं होतं. भांडण काही नव्हतं. पोरांना दोन खोल्या स्वतःच्या हव्या होत्या, एवढंच. पण मगदुमांच्या घरातून आजवर कुणी वेगळं निघालं नव्हतं, आणि त्या विचाराने आण्णा अर्धी भाकरी ताटात ठेवून उठत होते. चाकाचा अर्ज निकाली निघेपर्यंत गाडी हलवता येत नाही, हे सगळ्यांनाच माहीत असतं. आण्णांनी अर्जावर 'विचाराधीन' असा शेरा मारला आणि तो कॅलेंडरमागे खोचला.

पण चाक न सांगताच निघून गेलं तर? म्हणून ते रोज अंघोळीआधी पाना घेऊन बसत आणि पाचही नट आवळत. आजवर चाकांची कामं गॅरेजच्या मिस्त्रीने केली होती. पण आवळायला कसली आलीय अक्कल! दिवसेंदिवस पाना हलका जात होता. चाक वळणावर येतंय, असं आण्णांनी धरलं.

शुक्रवारी चाक बोललं. "आण्णा, विनंती आहे. रोज आवळणं तेवढं थांबवा. मी पडायला आलंय."

"आवळतोय म्हणून तर राहिलायंस!"

पद्मजा कपडे वाळत घालत होती. पोरगी आयटीआयला फिटर झालेली. तिने येऊन एक नट दोन बोटांनी फिरवला, तो तिच्या हातातच आला.

"मामा, या जुन्या गाडीला डाव्या बाजूला उलटे आटे असत्यात. पाच दिवस तुम्ही ढिलंच करत बसलायसा."

आण्णा पाना घेऊन पायरीवर बसले.

"आणि अर्ज नामंजूर केला तर?" आण्णांनी चाकाला विचारलं.

"तर अख्खंच जावं लागंल. मला आतले स्प्रिंगचे पाटे घासत्यात. जरा जागा दिलीत तर तुमच्याच गाडीचं राहीन."

आण्णांनी हातातल्या पान्याकडे पाहिलं. "मला वाटलं, आवळलं की राहतंय," ते म्हणाले.

"मामा, आम्ही काही तुम्हाला टाकून..."

"काय काय लागंल ते सांग. उद्या अंगणातच करू."

शनिवारी जीप जॅकवर चढली. चाक भिंतीला टेकून उन्हात बसलं. पद्मजाने ब्रेकचा ड्रम काढला आणि ज्यांवर नट बसतात ते पाच जुने स्टड हातोडीने मागे ठोकून काढले. मध्ये इंचभर जाडीची चकती, म्हणजे स्पेसर, बसवायचा तर जुने स्टड तोकडे पडतात, नटाला आटेच पुरत नाहीत. रीतीप्रमाणे पाचही जणांना नारळ आणि टोपी देऊन निरोप देण्यात आला. मग लांब स्टड बसले, त्यांवर स्पेसर, त्यावर चाक. नट आण्णांनी स्वतः आवळले, एक सोडून एक, थोडे थोडे, आणि डावीकडे.

"पन्नास किलोमीटर झाले की नट पुन्हा तपासायचे," पद्मजा म्हणाली. "स्पेसर घातला की बघावंच लागतं, मामा."

रविवारी सामान गेलं. नवं घर चारशे मीटरवर होतं. सामान उतरवून आण्णा मोकळी जीप घेऊन परतले आणि अंधार पडेपर्यंत आतच बसून राहिले. मग त्यांनी हिशोब केला. जाऊन-येऊन आठशे मीटर, म्हणजे पन्नास किलोमीटरला साडेबासष्ट खेपा.

सोमवारी सकाळी जीप सुकुमारच्या दारात उभी राहिली.

"काय मामा?" पद्मजाने विचारलं.

"काही नाही. किलोमीटर भरतोय."

तिने चहा टाकला. मंगळवारीही टाकला. दोन महिने टाकला.

त्रेसष्टाव्या दिवशी पन्नास किलोमीटर बरोबर त्याच दारात पूर्ण झाले. पद्मजा पाना घेऊन बाहेर आली आणि तिने पाचही नट तपासले.

"घट्ट हाईत, मामा. आता रोज यायचं कारण नाही."

आण्णांनी किल्ली या हातातून त्या हातात घेतली. तेवढ्यात मागच्या उजव्या चाकाने घसा खाकरला आणि अर्ज पुढे केला. दोन प्रतींत होता. साक्षीदार म्हणून डाव्याची सही होती आणि स्टेपनीचा अंगठा.

आण्णांनी खिशातलं पेन काढलं आणि अर्ज न वाचताच बॉनेटवर ठेवून त्यावर 'मंजूर' लिहिलं.

"किलोमीटर पुन्हा पहिल्यापासून धरायचे नव्हं?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यापासूनच, मामा," पद्मजा म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.